पर्णरंध्रातील विनिमय

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा पुन्हा पुन्हा येतील, म्हणून त्यांचे अर्थ आधी निश्चित करणे अवश्य आहे. (१) संश्लेषण : प्रकाशाच्या ऊर्जेने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून शर्करा घडवण्याची हरितपेशींची क्रिया. (२) आरोहण : मुळांनी शोषलेले पाणी जलवाहिन्यांतून पानांपर्यंत चढण्याची क्रिया. (३) विनिमय-गुणोत्तर : कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पानात येताना पाण्याचे जितके रेणू पानाबाहेर जातात ती संख्या. पहिल्या दोन विषयांना पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र प्रकरणे असतात. अध्यापनाला ते सोयीचे आहे. परंतु वनस्पतीला मुळात इतके पाणी का लागते, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कोणत्याच प्रकरणात सापडत नाही. ते तिसऱ्या संज्ञेत आहे. पानाची घडण, खोडाची घडण, वृक्षाच्या उंचीची मर्यादा आणि पिकाची पाण्याची गरज या गोष्टी तिच्यापासून कशा निष्पन्न होतात, एवढेच येथे दाखवायचे आहे.

प्रथम द्रव्याचा विचार. वनस्पतीचे शरीर कशापासून बनते, हा प्रश्न मोजमापाने सोडवण्याचा प्रसिद्ध प्रयत्न यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट याचा. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि त्याला केवळ पाणी दिले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड भरले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली होती. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. झाडाचे द्रव्य मातीतून येत नाही, हा त्याच्या प्रयोगाचा निषेधात्मक निष्कर्ष निर्दोष आहे. ते सर्वस्वी पाण्यातून येते, हा विधायक निष्कर्ष सदोष आहे, कारण हवा हे तिसरे द्रव्य त्याने हिशेबातच धरले नाही. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत हेल्माँट स्वतः होता, हे लक्षात घेता ही उणीव चमत्कारिक वाटते.

हवेचा वाटा पुढील दीड शतकात टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला. ज्या बंद हवेत मेणबत्ती विझते, ती पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा ज्वलनास योग्य होते, असे जोसेफ प्रीस्टली याला १७७१ मध्ये आढळले. हे कार्य केवळ हिरवे भाग आणि केवळ प्रकाशातच करतात, असे यान इंगेनहाउझ याने १७७९ मध्ये दाखवले. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो, हे झाँ सनेब्ये याने, तर वजनातील वाढीत पाण्याचाही भाग असतो, हे निकोला द सोस्यूर याने १८०४ मध्ये सिद्ध केले. उत्सर्जित ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो की पाण्यातून, हा प्रश्न मात्र १९४१ पर्यंत राहिला. सॅम्युअल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून तो पाण्यातून येतो, असा निर्णय दिला.

संश्लेषणाच्या दोन अवस्था आहेत. पहिली प्रकाशाश्रित. हरितलवकाच्या पटलांवरील हरितद्रव्य प्रकाश शोषते, त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते, ऑक्सिजन सुटतो आणि एटीपी व एनएडीपीएच ही दोन ऊर्जावाहक संयुगे तयार होतात. दुसरी कार्बनग्राही. तिला प्रत्यक्ष प्रकाश लागत नाही. पहिल्या अवस्थेतील दोन्ही संयुगे खर्च करून ती कार्बन डायऑक्साइडचे शर्करेत रूपांतर करते. तिच्यातील विक्रियांचे चक्र मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने उलगडले. १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांपैकी एकट्या कॅल्व्हिनला मिळाले. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधण्यास एटीपीचे ३ आणि एनएडीपीएचचे २ रेणू लागतात, आणि ते मिळवण्यास निदान ८ फोटॉन.

आता पाण्याचा हिशेब पाहावा. पहिल्या अवस्थेत दर कार्बन डायऑक्साइडमागे पाण्याचे दोन रेणू फुटतात, दुसऱ्या अवस्थेत एक परत मिळतो. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने निव्वळ व्यय एका रेणूचा. विनिमय-गुणोत्तर रसायनाने ठरत असते, तर ते १ असते आणि सोलापूरच्या पठारावर कुंभार्ली घाटासारखे अरण्य उगवले असते. प्रत्यक्षात ते शेकड्यांत आहे. ही तफावत रसायनातून येत नाही, तेव्हा तिचे कारण भौतिकीत शोधणे प्राप्त आहे.

पानाच्या बाह्यत्वचेवर मेणयुक्त आवरण असते. ते पाण्याला जवळजवळ अभेद्य असते. परंतु कार्बन डायऑक्साइडलाही तितकेच अभेद्य असते. एक वायू आत सोडणारे आणि पाण्याची वाफ अडवणारे आवरण कोणत्याही वनस्पतीत निर्माण झालेले नाही. म्हणून त्वचेत द्वारे ठेवावी लागतात, तीच पर्णरंध्रे. उघडलेल्या रंध्रांचे एकूण क्षेत्र पानाच्या क्षेत्राच्या एक-दोन टक्क्यांहून सहसा अधिक नसते. एवढ्या अल्प क्षेत्रातून एवढी देवघेव कशी होते, याचे उत्तर होरेस ब्राउन आणि फर्गसन एस्कोम यांनी १९०० मध्ये दिले : सूक्ष्म छिद्रातून होणारे विसरण छिद्राच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या प्रमाणात असते. परिणामी अनेक विखुरलेली सूक्ष्म छिद्रे मिळून तेवढ्याच क्षेत्राच्या एका मोठ्या छिद्रापेक्षा कितीतरी अधिक वायू सोडतात.

हा लाभ मात्र दोन्ही दिशांना सारखाच लागू पडतो. पानाच्या आतील पेशी ओल्या असतात, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळल्यावाचून पेशीत शिरू शकत नाही. आणि ओल्या पृष्ठभागांमधील पोकळी बाष्पाने संपृक्त असते. ३० अंश सेल्सियस तापमानाला संपृक्त हवेत दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ४२,००० रेणू पाण्याचे असतात. बाहेरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के मानल्यास तेथे २१,००० असतात. फरक २१,०००. उलटपक्षी कार्बन डायऑक्साइड बाहेर दशलक्षांत सुमारे ४२०, तर गहू-हरभऱ्यासारख्या वनस्पतींच्या पानात सुमारे ३००. फरक १२०. विसरण फरकाच्या प्रमाणात होते, आणि पाण्याचा रेणू हलका असल्याने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १.६ पट त्वरेने विसरतो. तेव्हा २१,००० भागिले १२०, गुणिले १.६, गुणोत्तर २८० येते.

या संख्येत वनस्पतीच्या शरीरक्रियेचा सहभाग किती अल्प आहे, हे ध्यानी घ्यावे. वनस्पतीच्या हाती दोनच गोष्टी आहेत : रंध्र किती उघडावे, आणि आत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण किती खाली आणावे. बाकीचे हवामान ठरवते. रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाणे, म्हणजे बाष्पोच्छ्वास, ही ‘अपरिहार्य आपत्ती’ की उपयुक्त क्रिया, असा जुना वाद आहे. पान थंड राहते आणि खनिजे वर येतात, हे लाभ खरे आहेत. पण जवळजवळ पूर्ण आर्द्र हवेतही वनस्पती वाढतात. कार्बन डायऑक्साइडवाचून एकही वाढत नाही. यावरून बाष्पोच्छ्वास हे कार्बनचे मूल्य आहे आणि शीतन हा त्यातील आनुषंगिक लाभ आहे, असे मानणे युक्त ठरते.

इतके पाणी जाते, तर तितकेच वर आलेही पाहिजे. येथून आरोहणाचा प्रश्न सुरू होतो. पाणी खालून ढकलले जाते किंवा वरून ओढले जाते. पंप आणि मोट यांतला हा भेद आहे. ढकलणाऱ्या उपपत्ती दोन, ओढणारी एक, आणि खोडात सर्वत्र विखुरलेल्या जिवंत पंपांची आणखी एक, अशा चार कल्पना क्रमाने तपासता येतात.

पहिली मूलदाबाची. मुळातील पेशी क्षार आत खेचतात, त्यामागून तर्षणाने पाणी येते आणि जलवाहिन्यांत दाब निर्माण होतो. स्टीफन हेल्स याने १७२७ च्या ग्रंथात द्राक्षवेलीच्या छाटलेल्या बुंध्यावर नळी बसवून हा दाब मोजला होता. पहाटे गवताच्या टोकांवर दिसणारे थेंब बहुधा दवाचे समजले जातात; त्यांतले पुष्कळसे याच दाबाने बाहेर आलेले असतात. परंतु मूलदाब ०.२ मेगापास्कलच्या वर क्वचितच जातो, आणि दहा मीटर उंचीला केवळ गुरुत्वाविरुद्धच ०.१ मेगापास्कल खर्ची पडतो. शिवाय तो रात्री व ओल्या मातीत अधिक, तर दुपारी, म्हणजे पाण्याची निकड सर्वाधिक असताना, नाहीसा होतो. कारण आणि कार्य यांच्या वेळाच जुळत नसतील, तर ते कारण नव्हे.

दुसरी केशाकर्षणाची. २५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे ६० सेंटिमीटर चढते. पाणी चढवण्यास जलवाहिनीचा पोकळ भाग उपयोगी नाही, एवढे यावरून सिद्ध होते. पण केशाकर्षणाचे तत्त्व त्याज्य ठरत नाही. ते वेगळ्या स्थळी पुन्हा येईल.

तिसरी जिवंत पेशींच्या स्पंदनाची. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या ग्रंथात खोडाच्या आतील जिवंत पेशी आळीपाळीने आकुंचन-प्रसरण पावून पाणी पुढे लोटतात, असे प्रतिपादन केले. भारतीय वाचकाला ही उपपत्ती प्रिय असणे स्वाभाविक आहे, म्हणूनच तिची परीक्षा अधिक काटेकोर हवी. एदुआर्त श्ट्रासबुर्गर याने १८९१ मध्येच एक उंच ओक बुंध्याशी कापून तो विषारी पिक्रिक आम्लात उभा केला होता. द्रव चढत गेला, वाटेतील जिवंत पेशी मरत गेल्या, आणि मेलेल्या खोडातूनही चढणे चालूच राहिले. पाने मेली तेव्हा थांबले. पेशींतील सूक्ष्म विद्युत्-क्रियांचे बोसांचे मापन हा निराळा विषय आहे आणि त्याचे मोल कमी होत नाही. परंतु आरोहणाचे कारण म्हणून स्पंदने टिकत नाहीत.

उरते ती चौथी. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडलेली ही संसंजन-उपपत्ती तीन विधानांवर उभी आहे. एक : पाण्याचे रेणू परस्परांना इतक्या बळाने धरतात की अरुंद, बुडबुडेरहित नळीतील जलस्तंभ ताण सहन करू शकतो. दोन : मुळापासून पानापर्यंत हा स्तंभ अखंड असतो. तीन : ताणाचा उगम पानातील पेशीभित्तींत आहे. केशाकर्षण पुन्हा येते ते येथे. भित्तीच्या तंतूंमधील छिद्रांची त्रिज्या ०.०१ मायक्रोमीटरच्या आसपास असते. अशा छिद्रातील वक्र जलपृष्ठ सुमारे १४ मेगापास्कल ताण धरू शकते. पाणी वाफ होऊन गेले की ही पृष्ठे आत वाकतात आणि मागचे पाणी ओढले जाते. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचे जलविभव, म्हणजे पाणी जिच्या उताराने वाहते ती ऊर्जेची पातळी, सुमारे −९७ मेगापास्कल असते. पानाचे −१ ते −२, ओल्या मातीचे शून्याजवळ. उतार एवढा तीव्र असताना वनस्पतीला स्वतःची ऊर्जा खर्चावी लागत नाही. बाष्पीभवनाची उष्णता सूर्य पुरवतो.

निसरडा भाग अर्थात दुसरे विधान. उणा दाब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय उपपत्ती संशयास्पदच होती. पेर श्कोलांडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबकक्षाने तो मोजला; त्यातील सर्वांत निर्णायक मापने खारफुटीची आहेत. समुद्राच्या पाण्याचे जलविभव सुमारे −२.५ मेगापास्कल असते. त्यातून गोडे पाणी ओढायचे तर जलवाहिनीतील दाब त्याहून खाली असला पाहिजे, आणि तो तसाच आढळला : −३ ते −६. कोकणच्या खाड्यांतील तिवराचे झाड भरतीच्या पाण्यात उभे असते, तरी ते सदैव अवर्षणात जगते. कोणतीही ढकलणारी उपपत्ती हे स्पष्ट करू शकत नाही.

ताण असला की तुटण्याचा संभव आलाच. स्तंभात बुडबुडा शिरला की ती वाहिनी निरुपयोगी होते. खोडाची रचना या धोक्याशी केलेली तडजोड आहे. नळीची त्रिज्या दुप्पट केल्यास प्रवाह सोळापट होतो. म्हणून रुंद वाहिन्या लाभाच्या. पण रुंद वाहिन्या असलेल्या जातींत अवर्षणात वा हिमात बुडबुडे लवकर शिरतात, असे बहुधा आढळते. वाहिन्यांमधील भित्तींवरचे सूक्ष्म खळगे पाणी जाऊ देतात आणि बुडबुडा अडवतात. सागवानाच्या आडव्या छेदावर उघड्या डोळ्यांनी दिसणारी वर्तुळे म्हणजे हंगामाच्या आरंभी घातलेल्या रुंद वाहिन्यांच्या ओळी. पाणी मुबलक असताना रुंद नळ्या, पुढे अरुंद. आणि कोरड्या ऋतूत पर्णसंभारच टाकून देणे. सह्याद्रीच्या पानझडी वनातील पानगळ ही रंध्र बंद करण्याची पराकाष्ठा समजावी.

उंचीची मर्यादाही येथेच सापडते. शंभर मीटरच्या वृक्षात गुरुत्वासाठी १ मेगापास्कल, आणि वाहिन्यांच्या रोधासाठी जवळपास तितकाच अधिक ताण लागतो. कॅलिफोर्नियातील किनारी रेडवुडचा सर्वांत उंच ज्ञात वृक्ष सुमारे ११६ मीटरचा आहे. जॉर्ज कोच आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शेंड्याकडील पाने तपासली : जसजसे वर जावे तसतशी पाने लहान व जाड, आणि त्यांचे संश्लेषण मंद. त्यावरून त्यांनी १२२ ते १३० मीटर ही सीमा अनुमानिली. वृक्षाची वाढ लाकडाच्या दुर्बलतेमुळे थांबत नाही. शेंड्याच्या पानाला रंध्रे पुरेशी उघडण्याइतके पाणी परवडत नाही, म्हणून थांबते. संश्लेषण आणि आरोहण हे दोन विषय येथे उघडपणे एक होतात.

शर्करेच्या वहनाबद्दल एवढेच पुरे की तेही जलवाहिन्यांकडून उसने घेतलेल्या पाण्यावर चालते. एर्न्स्ट म्युंख याच्या १९३० च्या उपपत्तीनुसार पानाजवळ रसवाहिन्यांत साखर भरली की तर्षणाने पाणी आत येते व दाब वाढतो. मुळाशी वा फळाशी साखर काढून घेतली की दाब उतरतो. आणि या फरकाने रस वाहतो. रसवाहिन्यांत धन दाब, जलवाहिन्यांत ऋण. दोन्ही एकाच शिरेत शेजारी-शेजारी.

आता विनिमय-गुणोत्तर सुधारण्याचे मार्ग. रंध्र हा पहिला. रक्षकपेशींत पोटॅशियम शिरले की त्या फुगतात आणि रंध्र उघडते. पाण्याचा तुटवडा होताच ॲब्सिसिक आम्लाच्या संदेशाने पोटॅशियम बाहेर पडते आणि रंध्र मिटते. सकाळी हवा दमट असताना अधिक उघडणे व दुपारी आवरते घेणे, यात बचत आहे. परंतु मिटलेल्या रंध्राने पाणी वाचते तसा कार्बनही थांबतो. खरी सुधारणा हवी असल्यास आतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणखी खाली आणले पाहिजे, आणि येथे एक विकर आडवे येते. रुबिस्को हे कार्बन बांधणारे विकर मंद आहे. सेकंदाला काही मोजकेच रेणू हाताळते. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडऐवजी कधी कधी ऑक्सिजनच पकडते, आणि उष्णता वाढली की ही चूकही वाढते. ऑक्सिजनची प्रक्रिया निस्तरण्यात आधी बांधलेला कार्बन पुन्हा सुटतो.

पीक आणि पाणी यांचे गुणोत्तर लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी अमेरिकेच्या कोलोरॅडोतील ॲक्रन येथे कुंड्यांतून मोजून १९१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध केले. एक भाग शुष्क द्रव्यासाठी ज्वारी व इतर भरड धान्यांना सुमारे ३०० भाग पाणी लागले, गव्हाला ५०० च्या आसपास, लसूणघासाला ८०० हून अधिक. धान्यांचे हे दोन गट असे का पडावेत, याचे कारण पन्नास वर्षे कोणाला देता आले नाही. ते उसाने दिले, आणि तोच दुसरा मार्ग. हवाईमध्ये ह्यूगो कॉर्टशॅक आणि सहकाऱ्यांना उसाच्या पानात किरणोत्सारी कार्बन प्रथम तीन कार्बनच्या नव्हे, तर चार कार्बनच्या आम्लांत दिसला. हाल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ब्रिस्बेन येथे १९६६ मध्ये त्याचा मार्ग लावला. उसात कार्बन प्रथम बाहेरच्या पेशींत एक वेगळे, ऑक्सिजनला न फसणारे विकर पकडते. चार कार्बनचे आम्ल शिरांभोवतीच्या आवरणपेशींत जाते आणि तेथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मुक्त होऊन रुबिस्कोभोवती दाटतो. दर रेणूमागे एटीपीचे दोन अधिक रेणू खर्च होतात. मोबदल्यात पानातील पोकळीतले प्रमाण ३०० वरून १७० पर्यंत उतरवता येते. बाहेरील व आतील फरक १२० ऐवजी २५०, आणि वरच्याच हिशेबाने गुणोत्तर २८० ऐवजी १३४. ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा, तसेच शेतकऱ्याला नको असलेली हरळी व लव्हाळा याच वर्गातील आहेत. भात, गहू, कापूस, तूर, हरभरा व सोयाबीन पहिल्या वर्गातील.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. ऊस पाण्याच्या बाबतीत काटकसरी वर्गातला आहे, हे विधान आणि ऊस फार पाणी घेतो, हे विधान परस्परविरोधी नाहीत. पहिले गुणोत्तराविषयी आहे. दुसरे एकूण व्ययाविषयी, आणि एकूण व्यय म्हणजे गुणोत्तर गुणिले निर्माण झालेले द्रव्य. सुरू ऊस सुमारे बारा महिने आणि आडसाली सुमारे अठरा महिने उभा राहतो, प्रचंड द्रव्य निर्माण करतो, आणि दोन्ही मार्च ते मेच्या कोरड्या हवेत हिरवे असतात. शाळू तोच चयापचय घेऊन काळ्या जमिनीत साठलेल्या पावसाळी ओलीवर थंडीच्या चार महिन्यांत निघतो. पाण्याच्या वाटपाच्या चर्चेत हा भेद क्वचितच पाळला जातो.

तिसरा मार्ग वेळेचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील सेवेत असलेल्या बेंजामिन हेन याने पानफुटीची पाने चाखून पाहिली : सकाळी ती आंबट लागत, दुपारपर्यंत बेचव होत. त्याचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पष्टीकरण असे की पानफुटी, कोरफड, घायपात, निवडुंग, अननस या वनस्पती रंध्रे रात्री उघडतात, कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपाने रिक्तिकांत साठवतात, आणि दिवसा रंध्रे मिटून आतल्या आत संश्लेषण करतात. २० अंशांच्या व ७५ टक्के आर्द्रतेच्या रात्री बाष्पाचा फरक २१,००० वरून सुमारे ५,८०० वर येतो. कार्बन डायऑक्साइडचा फरक पूर्वीइतकाच, म्हणजे १२० धरला, तर गुणोत्तर ८० च्याही खाली जाते. मर्यादा रिक्तिकेच्या आकारमानाची : एका रात्रीत साठेल तेवढाच कार्बन. म्हणून या वनस्पती चिवट असतात आणि बहुतेक सावकाश वाढतात.

शेवटी, हिशेबातील ४२० ही संख्या स्थिर नाही. औद्योगिकीकरणापूर्वी ती सुमारे २८० होती. आत-बाहेरचे प्रमाण तेच धरल्यास त्या काळचा फरक १२० ऐवजी ८०, आणि गुणोत्तर २८० ऐवजी ४२० येते. (दोन्ही ठिकाणी तेच आकडे उलटसुलट येणे हा निव्वळ योगायोग आहे.) वनस्पतींनी या बदलाची नोंद घेतली आहे. इयन वुडवर्ड याने १९८७ मध्ये इंग्लंडमधील शुष्क-वनस्पतिसंग्रहातील दोनशे वर्षांची पाने तपासली. त्यांतील वृक्षांच्या रंध्रांची घनता सुमारे ४० टक्के घटलेली आढळली. परंतु कार्बन डायऑक्साइड वाढण्याबरोबर तापमानही वाढते, आणि दर अंशामागे संपृक्त बाष्पाचे प्रमाण सुमारे ६ टक्के वाढते. रंध्रे आकुंचित झाली की शीतन घटते, पान तापते आणि बाष्पाचा फरक आणखी रुंदावतो. याखेरीज कार्बन स्वस्त झाल्याने पर्णसंभार वाढला, तर दर रेणूमागची बचत एकूण क्षेत्रात खर्ची पडते. गुणोत्तरातील एक-तृतीयांश घट शेताच्या ओलीत तेवढीच उमटत नाही, ती या तीन कारणांनी.